उपसलेल्या विहिरीतलं कासव

मित्रांनो, निपाणीकडच्या एका मळ्यातल्या विहिरीत राहणारं मी एक जुनं कासव आहे. किती जुनं, ते विचारू नका. सांगायचाही आता कंटाळा येतो. पाणी स्वच्छ राहावं म्हणून मळ्याची मालकीण मालुबाई, तिच्या सासऱ्यांनी मला इथं सोडलं. शेवाळ खायचं, किडे खायचे, हीच माझी चाकरी. भर उन्हाळ्यातही पाणी वरच्या कपारीला टेकलेलं असायचं. मालुबाई मिरचीला पाणी पाजायला आली की वाकून विचारायची, "हाईस न्हवं रं?" तेवढं कौतुक मला पुरायचं.

पुढे ओढ्यापलीकडे जमिनीतला गॅस काढणारी कंपनी आली. गॅस वर यायचा तर आधी खालचं पाणी उपसावं लागतं म्हणे. गावाच्या तोंडचं पाणी पळालं. मग कळलं, शेतीच्या पाण्यासाठी कायदा आहे. काम सुरू होण्याआधी सरकारी माणसांनी प्रत्येक विहिरीचं पाणी मोजून, लिहून ठेवायचं, आणि पुढे पाणी घटलं तर कंपनीनं ते भरून द्यायचं. मालुबाईच्या जिवात जीव आला. तिचा ऊस काय, मिरची काय, सगळं या एका विहिरीवर.

घोळ झाला तो इथंच. मोजणीला बेळगावच्या मॅडम येणार, म्हणजे पाहुणेच की. मालुबाई दिराला म्हणाली, "मष्णू, हिरीत पाला किती साचलाय बघ. मोठी माणसं वाकून बघणार. लोक काय म्हणतील?"

मष्णूनं आदल्या दिवशी सकाळीच पंप लावला. माणसं उतरवून गाळ काढला. मला घमेल्यात घालून आंब्याखाली ठेवलं. संध्याकाळी विहीर लख्ख दिसत होती आणि सगळे खूश होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी फीत खाली सोडली. तळाला गुडघाभर पाणी.

"काल उपसलीया वो," मालुबाई म्हणाली. "एरवी पार त्या कपारीला असतंय."

"आक्का, मला आज दिसतंय तेच लिहायला लागतंय. फेरमोजणीचा अर्ज करा."

मॅडम वाईट नव्हत्या. चहा पिऊन गेल्या. मष्णू अर्ज घेऊन तालुक्याला गेला, तालुक्यानं त्याला जिल्ह्याला धाडलं, आणि तोवर कंपनीचे पंप सुरू झाले. मधल्या काळात मला परत आत सोडलं होतं, आणि विहीर झऱ्यांनी पुन्हा कपारीपर्यंत भरली होती. ते बघायला कोणी आलं नाही.

यंदा पाणी उतरत उतरत गुडघ्यावर आलं. मिरची करपली, ऊस पिवळा पडला. मालुबाई तक्रार घेऊन गेली. कचेरीतल्या साहेबांनी मॅडमची जुनी नोंद काढून वाचली आणि म्हणाले, "बाई, तेव्हाही गुडघाभरच होतं. घटलंय कुठं?"

ती परत आली आणि काठावर बसून राहिली. "तुला सगळं ठावं हाय रं," मला म्हणाली. "खरं तुझी साक्ष कोण घेणार?" मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, कायद्यावर माझा राग नाही. तो मोजलेलं पाणी राखतो. न मोजलेलं त्याला दिसत नाही. तुमच्याकडे मोजणी आली तर अंगण सारवा, पोहे करा, चहा ठेवा. विहिरीला मात्र हात लावू नका. ती असेल तशी, शेवाळासकट दाखवा.

उद्या मष्णू मला वेदगंगेत सोडणार आहे. इथं आता कासवापुरतंही पाणी उरायचं नाही, असं मालुबाई म्हणाली. माझी सोय झाली. तिनं कुठं जायचं, ते मात्र कोणी सांगत नाही.