मागच्या सीटचा वास

पेडगावच्या बन्सीधरकाकांना दोघींबद्दल कुणी वावगं बोललेलं खपत नसे. एक त्यांची निळी फियाट आणि दुसरी त्यांची बायको कस्तुराबाई. गंमत अशी, की या दोघींचं आपसात कधी जमलंच नाही.

कापसाला बरा भाव लागला त्या साली काकांनी ही गाडी परभणीत एका व्यापाऱ्याकडून जुनीच घेतली. हौसेला मोल नसतं, आणि काकांची हौस तर गावाला पुरून उरेल अशी. पण मागच्या सीटवर बसलं की कस्तुराबाईंना पेट्रोलचा वास यायचा. आधी डोकं धरायचं, मग मळमळायचं, आणि माहेरच्या वाटेवरचं झरी गाव यायच्या आत गाडी रस्त्याच्या कडेला लावावी लागायची. पुढे काकांचे वडील बसलेले असत, खिडकीची काच खाली, वारं तोंडावर. ते विचारत, "वास? कुठाय वास?" काका म्हणत, "मला तर काईच यायला न्हाई."

वडील गेल्यावर पुढची जागा पाहुण्यारावळ्यांची झाली. बाईमाणसाने पुढे बसायची त्या घरात चालच नव्हती, आणि चाल नसली की तिचा विचारही कुणी करत नाही. पाहुणेही वास नाही म्हणाले. मग कस्तुराबाई नाकाने कांदे सोलते, असं घरात ठरून गेलं. काकाही चारचौघांत हसून सांगत, "आमच्या हिचं नाक तहसीलदारीन हाय, गाडीत बसलं की पंचनामा सुरू." सगळे हसत. कस्तुराबाईही हसत. पुढे एकदा त्यांनी सांगून टाकलं, की मी आपली एसटीने जाईन.

तेव्हापासून बोरीला, कस्तुराबाईंच्या माहेरी, हे जोडपं दोन गाड्यांनी जाऊ लागलं. त्यात उन्हाळा असला की एसटीच आधी पोचे. फियाटीच्या इंजिनावरचा पंप उन्हाने तापला, की त्याला पेट्रोल ओढवत नसे. मग काका बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं धरून उभे. तेवढ्यात एसटी शेजारून जायची. खिडकीतल्या कस्तुराबाई नुसत्या बघायच्या. बोरीत उतरल्या की भावाला सांगायच्या, "बादलीभर पाणी काढून ठेव. ह्यांचं इंजन तापलंय वाटंत."

आता कस्तुराबाईंचे केस पिकले, काकांनी सत्तरी ओलांडली. मुलं आपापल्या नोकऱ्यांवर गेली. फियाट मात्र दारात होतीच. आणि यंदा धोंड्याचा महिना आला तो भर उन्हाळ्यात. बोरीहून मेहुण्याचा, दिनकररावांचा, फोन आला. जावयाला धोंडे जेवायला बोलावणं ही रीतच आहे, पण दिनकरराव शेवटी एक वाक्य जास्तीचं बोलले. "दाजी, पुढच्या धोंड्याला कोण हाय, कोण न्हाई. यंदा जोडीनं या."

ते "जोडीनं" काकांच्या मनात जाऊन बसलं. धोंडा परत यायचा तीन वर्षांनी. ही एसटीने जायला लागल्यापासून आपण दोघं एका गाडीतून बोरीत कधी उतरलोच नाही, हे त्यांना पहिल्यांदाच फार लागलं. ते बायकोला म्हणाले, की यंदा फियाटीत चल. कस्तुराबाईंनी भाकरी थापता थापता सांगितलं, की बायकांना एसटीला अर्धंच तिकीट आहे, तुम्ही व्हा पुढे, मी येतेच.

दुसऱ्या दिवशी काका गाडी घेऊन मानवतला महारुद्रच्या गॅरेजवर गेले. वाटेत बंद पडायला नको म्हणून पंपाचं काही तरी कर, एवढंच त्यांचं म्हणणं. वासाचाही विषय निघाला, पण तो "आमच्या हिच्या नाकाचा" म्हणून. महारुद्र बोलघेवडा गडी. तो म्हणाला, "काका, आपुन असं करू. गाडी मी चालवतो, तुमी मागं बसा. खरंच वास असंल तर कुठून येतो ते सांगा."

काका मागचं दार उघडून आत बसले, आणि बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याच गाडीत आपण मागे कधी बसलेलो नाही. इथून रस्ता दिसत नव्हता, पुढच्या माणसाची मान दिसत होती. मागच्या काचा अर्ध्याच उतरत होत्या. गाव संपलं तशी महारुद्रने गाडी दामटली आणि खड्ड्यांतून पाठीमागे पेट्रोल हिंदकळू लागलं. तो वास आधी नाकात आला, मग घशात उतरला. काकांनी पंचा तोंडाला लावला. थोडं सोसलं, आणि मग त्यांनी महारुद्रच्या खांद्यावर हात मारला. गाडी थांबली. काका बाभळीच्या बुडाशी वाकून भडाभडा ओकले.

ज्याचं जळतं त्याला कळतं, हे ऐकून होते, आज कळलं. चूळ भरून ते बांधावर बसले. महारुद्र चेष्टा करणार होता, पण त्यांचा चेहरा बघून डिकीकडे वळला.

डिकी उघडून चटई उचलली, तर टाकीच्या सांध्यावर जुनं झाळकाम निघालं, तेही उकललेलं, आणि तिथून पेट्रोल पाझरत होतं. आधीच्या मालकाने कधी तरी ठिगळ मारून वर चटई अंथरलेली. महारुद्र म्हणाला, की हे पुन्हा झाळून देतो, चालेल अजून. काका म्हणाले, ही टाकीच नको. मग महारुद्रने पुण्याहून रेसच्या गाड्यांना लावतात तसली बंद टाकी मागवली. तिला फ्युएल सेल म्हणतात. आत स्पंज भरलेला, त्यामुळे पेट्रोल हिंदकळत नाही, आणि वाफ जायला नळी थेट गाडीखाली.

काम चाललं तेवढे दिवस काका गॅरेजातच बसून. बॅटरीच्या वायरी सोडल्या, जुनी टाकी काढली; तिच्यातून चहाच्या भुकटीसारखा गंज निघाला. नवी टाकी डिकीच्या मधोमध पट्ट्यांनी आवळली. तिच्याजवळ खाली विजेवर चालणारा छोटा पंप बसला. कार्बोरेटरला जास्त जोर सोसत नाही म्हणून महारुद्रने तो मुद्दाम हलक्या दाबाचा निवडला होता. इंजिनावरचा जुना पंप निघाला आणि त्या जागी पत्र्याची पट्टी आली. तो पंप काकांनी हातात घेतला तेव्हा त्यांना भरून आलं. त्याच्यापायी किती दुपारी रस्त्यावर गेल्या. पण त्या दुपारी ते तरणे होते, आणि एसटीतून बघणारीही तरणीच होती.

गाडी तयार झाल्यावर महारुद्रला चालवायला लावून मानवत ते पेडगाव काका मागच्या सीटवर बसून आले, त्या उन्हात काचा बंद करून. घामाने निथळले, पण वास आला नाही.

घरी कस्तुराबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या. काका समोर बसले.

"मी मागं बसलो व्हतो," ते म्हणाले. "ओकलो."

कस्तुराबाईंचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "वासाचं काय एवढं न्हाई वो. माणूस सोसतंय. पर तुमी चारचौघांत म्हणायचे, वास येतच न्हाई. मंग मला वाटायचं, माझ्यातच काई तरी खोट हाय."

त्या पुन्हा डाळ निवडू लागल्या. येते म्हणाल्या नाहीत, नाही असंही म्हणाल्या नाहीत.

जायच्या दिवशी काकांनी पुढचं डावं दार उघडून धरलं. कस्तुराबाईंनी आधी मागे वाकून वास घेतला, सावकाश, खात्री होईपर्यंत. मग पुढे येऊन बसल्या आणि पदर सावरला. गाडी वाटेत कुठेही थांबली नाही.

बोरीत पंगत बसली. ताटात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. दिनकरराव मजेत म्हणाले, "अक्का, आज नाक घरीच ठिवून आलीस का?" पंगत हसली. कस्तुराबाईही सवयीने हसल्या.

काकांनी हातातला घास ताटात ठेवला.

"नाक तिचं बराबर व्हतं," ते म्हणाले. "वास व्हता. टाकी फुटकी व्हती. आमी सगळे पुढं बसणारे, आमाला कळला न्हाई."

दिनकररावांनी उगाच तुपाची वाटी सरकवली. कस्तुराबाईंनी मान खाली घालून डोळे पुसले आणि जेवू लागल्या. त्या दिवशी त्यांनी आणखी एक धोंडा मागून घेतला.

परतताना परभणी मागे पडली तोवर कस्तुराबाईंचा डोळा लागला होता. गाडीत झोपलेलं त्यांना काकांनी कधी पाहिलंच नव्हतं. पेडगावचा फाटा आला. काकांनी गाडी न वळवता तशीच सरळ जाऊ दिली.

थोड्या वेळाने कस्तुराबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "फाटा गेला मागं."

"माहीत हाय," काका म्हणाले. "नीज तू."