धुळीचं कडं

चष्मेवाल्या बाईंना मळकी काच बघवत नसे. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाच्या नाकावरचा चष्मा त्या बोलता बोलता काढत, पुसत आणि परत चढवत, तोवर त्या बिचाऱ्याला पत्ताही लागत नसे.

त्यांचे यजमान निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचं खूळ परसात होतं: सरकत्या छपराची पत्र्याची खोली आणि आत दुर्बीण. एका दूरच्या सर्पिल दीर्घिकेचा, म्हणजे असंख्य ताऱ्यांच्या भोवऱ्याचा, फोटो त्यांना हवा होता. कधी ढग आडवे आले, कधी स्वतःच वायरीत पाय अडकवून पडले. आता घर विकलं होतं. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून आकाश दिसणार ते शेजारच्या गच्चीएवढं. म्हणजे सामान हलण्याआधीची ही रात्र हीच शेवटची संधी.

रात्रभर दुर्बिणीशी जागून पहाटे मास्तर आत आले ते डोळे मिटूनच. "जमलं गं. कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ आहे, पण तिला..." पुढचं उशीत गेलं.

बाईंना एवढं पुरे होतं. त्यांनी परसात जाऊन हलक्या हाताने दुर्बिणीला लावलेला कॅमेरा सोडवला, काच लख्ख केली आणि होता तसा परत बसवला. आपणही या फोटोला हातभार लावला, म्हणून त्या स्वतःवर खूश झाल्या.

उठल्यावर मास्तर पांढरं कापड घेऊन परसात निघाले.

"काच पुसलीय हं मी," बाई म्हणाल्या.

मास्तर स्टुलावर बसले. "अगं, त्या धुळीची कड्यासारखी सावली सगळ्या फोटोंत आलीय. दुर्बिणीवर कापड टाकून नुसत्या सावलीचा फोटो काढायचा, मग कॉम्प्युटर तेवढीच वजा करतो. आता वजा काय करणार?"

ते ओरडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. त्या घरात गेल्या आणि पुसायचं फडकं दोन्ही हातांवर अलगद धरून आल्या.

"अहो, सगळी इथेच आहे. परत लावून बघायची का?"

मास्तरांनी फडक्याकडे पाहिलं, बाईंच्या रडवेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसत सुटले. बाईंना मात्र हसू येईना.

नंतर आभाळ भरूनच राहिलं आणि सामानाचा ट्रक आला.

फ्लॅटच्या भिंतीवर आता तो फोटो आहे. कोट्यवधी वर्षं चालत आलेला प्रकाश आणि त्याच्या शेजारी एक करडं कडं. कॉम्प्युटरवाला भाचा म्हणाला, "मामा, पाच मिनिटांत खोडून देतो."

"हात लावायचा नाही," मास्तर म्हणाले. "भोवरा मी टिपला. कडं तुझ्या मामीचं आहे."

बाई त्या फ्रेमची काच रोज पुसतात. पण आधी फडकं हातात धरून दारातून विचारतात, "अहो, पुसू ना?"