मोठा आ

आपलं आयुष्य कसं जगायचं हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक माणसाला आहे, आणि जगातली कोणतीही सत्ता तो हिरावून घेऊ शकत नाही. डॉक्टरांच्या मुलीलाही तो होताच. फक्त तो बजावायला तोंड लागतं, आणि तिच्या तोंडात कापसाचे बोळे होते.

त्याचं असं झालं. डॉक्टर दातांचे. त्यांचे वडीलही दातांचे. मुलीला घरात अक्कलदाढ म्हणत, कारण ती उशिरा आली आणि आईला भरपूर सतावून आली. तिला दंतवैद्यकाला प्रवेश मिळाला, त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिच्या नावापुरती जागा सोडून दवाखान्याची नवी पाटी रंगवून घेतली. मुलीला मात्र पहिल्याच सत्रात कळून चुकलं, की आपल्याला लोकांच्या तोंडात बघवत नाही. तिला इतिहास हवा होता. त्यातल्या माणसांचे दात आता कुणी तपासत नाही. विषय बदलायची मुदत आज संपत होती आणि वडिलांची सही लागणार होती.

"बाबा, मला बोलायचंय."

"बोल की."

तिने तोंड उघडलं, तिथंच चुकलं. समोरचा बोलू लागला की डॉक्टर शब्द ऐकत नसत, दात बघत.

"थांब. डाव्या दाढेत काळं दिसतंय. बस खुर्चीत."

खुर्ची मागे गेली, पाय वर आले, दिवा डोळ्यांवर आला. आई लाळ ओढायची नळी घेऊन उभी राहिली. सुई टोचून झाली, यंत्र घरघरू लागलं.

"तुझी खुर्ची खिडकीशी मांडू," डॉक्टर म्हणाले. "चालेल ना?"

"आ."

"चालेल म्हणते."

"अहो, ती मघापासून आ करूनच पडलीय."

"मग नाही कुठं म्हणाली?"

या खोलीत आजवर असेच होकार मिळत आले होते.

औषध भरण्याआधी चूळ भरायला बोळे काढले. अर्धा चेहरा बधिर. तेवढ्यात मुलीने उरकून घेतलं, "हाहा, हला इशय हदलायचाय. इतिहास."

"तहान लागली का गं?" आई म्हणाली.

डॉक्टरांचा हात थांबला. बधिर ओठांची भाषा त्यांच्याइतकी कुणालाच येत नव्हती.

"तिला विषय बदलायचाय," ते म्हणाले. "इतिहास घ्यायचाय."

आई स्टुलावर बसली. नळी हवाच ओढत राहिली.

डॉक्टर भिंतीवरच्या जबड्याच्या चित्राकडे बघत होते. "मला नकाशे काढायला शिकायचं होतं," ते हळूच म्हणाले. "याच खुर्चीत पडून अण्णांना सांगितलं होतं."

मुलगी कोपरांवर उठली. "काय हणाले आजोहा?"

डॉक्टरांनी तिला खांद्याला धरून अलगद मागे टेकवलं आणि दिवा खाली ओढला.

"अक्कलदाढे, जरा मोठा आ कर."