बोळक्यातली वीट

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे. नदीकाठच्या चिखलातून मला थापले, भट्टीत भाजले आणि एका धोबिणीच्या चुलीला बसवले. त्या चुलीवर सदा कपड्यांचे हंडे उकळत. धोबीण म्हातारी, तोंडाचे पार बोळके झालेले. पाव पाण्यात भिजवून खायची आणि मुलीला म्हणायची, "चावायचं काम तुझं, बोलायचं माझं."

मग गावात तापाची साथ आली. आजाऱ्यांच्या कपड्यांना कोणी हात लावेना. म्हातारीने ते धुतले आणि त्याच तापात ती गेली.

माणसे मरतच राहिली. जागा पुरेना, म्हणून कबरी खोदणाऱ्याने तिची कबर पुन्हा उघडली. पाहतो तर तोंडावरच्या कफनाला भोक पडलेले, ओठांशी काळपट लाल ओल. त्याची स्वतःची लेक घरी तापाने फणफणत होती. तो ओरडला, "ही कफन खातेय! खाता खाता आपल्या पोरांचा जीव ओढतेय!"

धोबिणीची मुलगी धावत आली. "अहो काका, तिला पाव चावत नव्हता, कापड कुठून चावेल?"

"मेल्यावर फुटतात अशांना दात," शेजारीण म्हणाली. तिच्या आजारी नवऱ्याचे कपडे म्हातारीनेच धुतले होते.

म्हातारीचे चावणे थांबवायला कोणीतरी चुलीतून मला उपसून आणले. मुलगी हात जोडत राहिली, "नका हो, आईचं तोंड आहे ते." मला आत कोंबले, तेव्हा एकही दात मला लागला नाही. पण सांगणार कशी? विटेला कुठली वाचा!

कबरी खोदणाऱ्याची लेक वाचली नाही. तरी मला कोणी काढले नाही. मुलगी येऊन विनवायची, "काका, आता तरी काढा." तो मान खाली घालून दुसरीकडे खोदत राही. पुढे तिचे येणे थांबले. वरून जाणाऱ्यांच्या बोलण्यात मात्र गोष्ट वाढत गेली. सांगता सांगता ओलीचे रक्त झाले, बोळक्यात सुळे आले आणि माझी म्हातारी लोकांचे रक्त पीत हिंडू लागली.

फार वर्षांनी शिकलेली माणसे आली. त्यांनी ब्रशने माती झाडली. त्यातली एक बाई सोबत्याला म्हणाली, "अरे, प्रेत कुजताना तोंडातून पाणी सुटतं. त्यानं कापड विरतं, एवढंच." मग तिने मला अलगद बाहेर काढले. ते पाहायला मुलगी नव्हती.

आता मी काचेच्या कपाटात आहे. खाली पाटी आहे, 'रक्तपिपासूच्या तोंडातली वीट'. ती वाचून पोरे एकमेकांना दात विचकून दाखवतात.

मित्रांनो, तुम्ही आलात तर शेजारच्याला एवढे सांगा, की ती धोबीण होती आणि कोणी हात लावेना ते कपडे तिने धुतले. तिच्या मुलीचे ऐकायला तेव्हा कोणी थांबले नाही. तुमच्या गावात कोणाकडे असे बोट दाखवले गेले, तर तुम्ही थांबा.