लाल कल्ल्याची मासोयी

दर्यापूरच्या बाजारात तीस वर्षं झाली मले मासोया इकून. गोड बोलनं आपल्याले जमत नाई. गिऱ्हाइकासमोर बोटानं मासोयीचा कल्ला उचलून दाखवते. लाल दिसला त घ्या, नाई त पुढं व्हा.

माही पोरगी दामिनी अमरावतीले एम.एस्सी. करून राहिली. तेही मासोयांवर! मी म्हनलं, "बाप्पा! एवढी शिकली, अन् शेवटी मासोयांच्या पाटीपाशीच आली काय?"

तिचं म्हननं असं, का कारखान्याचा नाला आमच्या नदीत पडते, तिथून खाली पान्यात शिसं अन् तांबं उतरते. ते पहिले कल्ल्याले धरते. कल्ल्याच्या बारीक झालरी सुजतेत, चिकटतेत, मंग मासोयीले दम लागते. तिले कॉलेजात हेच दाखवाचं होतं, पन हे मले मागून समजलं. तवा ते नुसत्या औषधाच्या बरन्या देऊन गेली. "माय, गोपालमामाच्या जायातल्या, नाल्याखालच्या तीस मासोयांचे कल्ले कापून यात टाक."

गोपाल माहा भाऊ. पोरीचं काम म्हनल्यावर मी काय कसर ठेवते? त्याचं जायं पान्यातून निघालं का मी घाटावर बसून एक एक मासोयी पायली, अन् बरन्या भरून स्वतः एसटीनं नेऊन देल्या.

महिन्यानं दामिनी घरी आली ते तोंड पाडून. मी मासोयीचा रस्सा वाढला.

"माय, सारे कल्ले चांगले निघाले वं. पान्यात शिसं सापडलं, अन् कल्ल्याले कायीच नाई. सर म्हनतात, तूच बरन्या बदलवल्या असशीन. पंधरा दिवसांत नीट करून नाई देलं त माहं वर्ष जाते."

माहं डोस्कंच फिरलं. "त्या सरले म्हनाव, केशरबाईनं हातानं निवडले हायेत! एक खराब कल्ला घातला नाई मी."

तिचा घास हातातच राहिला. "निवडले?"

"मंग? तिथं दहातल्या सहा मासोयांचे कल्ले बदामी अन् चिकट निघतेत. तसले पाठवून तुहं नाक कापू काय?"

तिनं कपायावर हात मारला अन् हासत सुटली, डोयात पानी येईस्तोवर. "अवं माये! मले तेच पायजे होते ना!"

मलेही हासू आवरेना. मंग तिनं सहज इचारलं, "अन् त्या सहा मासोयांचं काय करतं वं तू?"

माही नजर रस्स्याच्या भांड्याकडं गेली. तसली मासोयी मी बाजारात कदी इकली नाई, अन् फेकून द्याले जीव झाला नाई. कल्ले काढून घरीच शिजवत होती. लाल कल्ला गिऱ्हाइकाचा, उरलं ते आमचं. लहानपनापासून हे पोरगी तेच खाऊन मोठी झाली.

दामिनीनं ताटाकडं पायलं. मंग ताट सारलं अन् माह्या खांद्यावर डोस्कं ठेवलं. "तुले काय मालूम होतं, माय." मी लय रडली.

दुसऱ्या दिवशी दोघी घाटावर बसलो. बदामी कल्ल्याच्या तीस मासोया मी तिले काढून देल्या. गोपालले बजावलं, का आता जायं नाल्याच्या वरच्या डोहातच टाकाचं.

त्याच दुपारी बाजारात महादेवराव गुरुजीनं पाटीतल्या सगळ्यात मोठ्या रोहूवर बोट ठेवलं. मी सवयीनं कल्ला उचलला. लालभडक.

"द्या मंग, केशरबाई."

"दुसरा घ्या, गुरुजी," मी म्हनलं. "हा घरी न्याचा हाये. पोरगी आली माही."