खिळलेला सांधा

रोजच्या वाती वळून होईपर्यंत श्यामलाबाई कुणाशी बोलत नसत. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्या सकाळी तेजश्रीनं लॅपटॉप थेट देवघरापुढे आणून ठेवला.

"आई, उद्या चौकशीत हेच दाखवायचं."

पडद्यावर तिच्या भावाचा, मयुरेशचा प्रेस होता, पत्रा दाबून आकार द्यायचं मशीन. खरा नव्हे, तेजश्रीनं कॉलेजात शिकून मांडलेला; नुसते दांडे आणि त्यांना जोडणारे सांधे. दसऱ्यानंतर काही दिवसांनी अंबडच्या कारखान्यात त्याच प्रेसखाली मयुरेशचा उजवा पंजा गेला होता. कारखान्याचं म्हणणं, काम भराभर उरकायला त्यानं स्वतःच संरक्षक जाळी वर अडकवून ठेवली. तसं ठरलं की हात गेला तो गेलाच, वर नोकरी आणि नावही जाणार.

"तेजू, बंद कर ते," मयुरेश खाटेवर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. "चूक माझी. दिलंय मी लिहून."

"हो, डाव्या हातानं. पहिलीतल्या पोराचं अक्षर बरं तुझ्यापेक्षा."

तो हसला नाही.

तेजश्रीनं आईचं बोट धरून पडद्यावर टेकवलं. "हा पायटा, तिथं पायानं दाबतात. तू बोटानं दाब." दाबला तशी आधी जाळी आपल्या वजनानं खाली आली, मागून वरचा ठोकळा. "आता एकेक सांधा खिळवून बघ. त्याच्यावर बोट ठेवलं की तो हलायचा थांबतो."

श्यामलाबाईंनी एक सांधा खिळवला. सगळंच थांबलं. दुसरा खिळवला, तरी तेच. मग जाळीच्या मानेपाशी होता तो. पायटा दाबला. जाळी वरच राहिली आणि ठोकळा मात्र खाली आला.

"बघितलंस? कुणी अडकवली नाही जाळी. हा सांधा आवळला गेला. कशानं, एवढं कळलं की दादा सुटला."

श्यामलाबाईंचं बोट तिथंच राहिलं. ती जागा त्यांच्या ओळखीची होती.

खंडेनवमीला कारखान्यात घरच्यांना बोलावत. बायका मशीनना हळदकुंकू लावत, फुलं वाहत. श्यामलाबाईंनी वणीच्या गडावरून आणलेला देवीचा नाडा, रक्षेचा लाल दोरा, नेला होता. पोराच्या हाताजवळची जागा बघून, तोंडानं देवीचं नाव घेत, त्यांनी तो घट्ट गुंडाळला होता. मागून तो तेल पिऊन, लोखंडाचा चुरा धरून कडक होत गेला असणार. नाडे सगळ्याच मशीनना होते. त्यांच्याकडे कोण बघतो?

"मयू, जाळी आधी अडखळायची का रे?"

मयुरेशनं भिंतीकडचं तोंड वळवलं.

"दोनतीनदा."

"नाड्यानं?"

"हं."

"मग तोडला का नाहीस?"

"देवीचा नाडा तोडायचा नसतो, आपोआप गळू द्यायचा. कुणी शिकवलं?" आवाजात राग नव्हता. त्यांना तो असता तर बरा वाटला असता. "उद्या काय सांगू त्यांना, आईनं बांधला म्हणून? चार माणसं तुला नावं ठेवतील. त्यापेक्षा मला ठेवू देत."

तेजश्री एकदा आईकडे, एकदा भावाकडे बघत राहिली. मग तिनं लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

"मिटू नकोस," श्यामलाबाई म्हणाल्या. "उद्या मी येते. नाडा कुठं बांधला ते मी बोट ठेवून दाखवीन."

"आई, तू नको."

"माझा नेम आहे, खोट्याला घरात थारा द्यायचा नाही. तुझं ते लिहून दिलेलं खोटं आहे, मयू."

कापसाच्या डब्यातली कात्री घेऊन त्या त्याच्या खाटेवर जाऊन बसल्या. त्याच रिळाचा नाडा त्यांच्या मनगटावर होता. तो हात त्यांनी त्याच्यापुढे धरला.

"काप."

डाव्या हातात कात्री नीट बसेना. नाडा एकदम तुटला नाही. एकेक दोरा करून तुटत गेला. तोवर त्यांनी हात हलवला नाही. देवापुढची वात त्या दिवशी वळायची राहिली.