लग्न लावलेल्या गोळ्या

आमच्या प्रयोगशाळेत दिवसभर रायफली झडतात, पण मला आवाजापेक्षा वासाचाच त्रास होतो. जळलेली दारू, थिजलेलं तेल आणि साहेबांच्या खोलीत कालपासून उघडा पडलेला जेवणाचा डबा, हे सगळं मिळून घशाशी येऊन बसतं. गोळ्या बनवणारा कारखाना आमचा आणि त्या तपासणारेही आम्हीच. यात कुणाला काही खटकत नाही.

त्या आठवड्यात पोलिसांकडून एक सीलबंद खोकं आलं. एका माणसाने स्वतःच्या बापाच्या गळ्याला सुरा लावून त्याला खिडकीत धरलं होतं. तीनशे मीटरवरच्या गच्चीतून पोलिसांच्या नेमबाजाने बापाच्या खांद्याआडून डोकावणाऱ्या मुलाच्या कपाळाचा नेम धरला. गोळी खाली गेली आणि म्हाताऱ्याच्या खांद्यात घुसली. हात कापावा लागला. नेमबाज निलंबित झाला. गोळ्या चांगल्या ठरल्या तर दोष त्याच्या हाताचा, म्हणजे नोकरी गेलीच. उरलेल्या गोळ्या तपासायचं काम माझ्याकडे होतं.

नियम दोनच. नळीतून सुटतानाच्या वेगाची सरासरी ठरल्याप्रमाणे हवी आणि पन्नास मीटरवरच्या कागदावर सगळी भोकं एका नाण्याखाली झाकली जायला हवीत. दोन्ही जमलं. साहेब म्हणाले, लिहून टाक.

पण मी एकेका गोळीचा वेग पाहिला. सरासरीच्या आसपास एकही नव्हती. काही बऱ्याच वेगवान, काही बऱ्याच मंद, आणि मधली जागा रिकामी. कोठारातल्या काकांना विचारलं. सगळे त्यांना मध्यस्थ म्हणतात, का ते तोवर मला ठाऊक नव्हतं.

"अगं, लग्न लावलंय," ते हसत म्हणाले.

दमट दारू भरलेल्या गोळ्यांचा घाणा मंद निघतो, जास्त सुकलेल्या दारूच्या गोळ्यांचा वेगवान. वेगवेगळे तपासले तर दोन्ही नापास. मग काका दोन्ही एका खोक्यात मिसळतात आणि सरासरी देखणी निघते. किती वर्षं चाललंय विचारलं, तर म्हणाले, तुझ्या जन्माच्या आधीपासून. त्यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं.

गोळी नळीबाहेर पडल्या क्षणापासून खाली पडू लागते, हातातून सुटलेल्या दगडासारखीच. वेगवान गोळी फार पडायच्या आत पोचते, मंद गोळीला पडायला जास्त वेळ मिळतो. पन्नास मीटरवर हा फरक तांदळाच्या दाण्याच्या जाडीपेक्षा थोडा जास्त, कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून मी कागद तीनशे मीटरवर लावला आणि रायफल शिकंज्यात आवळली. भोकांचे दोन घट्ट पुंजके उमटले, एकाखाली एक, मध्ये अर्ध्या वितेचं अंतर.

"नवरा वर, बायको खाली," काका म्हणाले. मी कागदाची घडी घालून ती साहेबांकडे नेली.

साहेब माझ्याच पेन्सिलीने कान कोरत होते. चौकशीत सरासरी विचारलीय, तेव्हा विचारलं तेवढंच सांगावं, असा त्यांचा सल्ला होता. पेन्सिल त्यांनी शर्टाला पुसून परत दिली. मी ती तिथेच टाकली.

चौकशीला काकांनाही बोलावलं होतं, खोक्याच्या सीलबद्दल विचारायला. नेमबाज गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, चांगला धिप्पाड माणूस. अध्यक्षांनी विचारलं, सरासरी वेग बरोबर आहे का? मी हो म्हणाले. साहेब खुर्चीत सैलावले.

"पण त्या वेगाने जाणारी एकही गोळी या खोक्यात नाही," मी म्हणाले, आणि टेबलावर कागद उलगडला.

सगळं सांगून झाल्यावर नेमबाज उठून कागदाजवळ आला. त्याने सांगितलं, घटनेच्या सकाळी त्याने तीन गोळ्या झाडून रायफलीवरची दुर्बीण नेमाला जुळवली होती. तिन्ही एकाच जागी लागल्या होत्या, म्हणजे तिन्ही वेगवान. चौथी मंद निघाली. वरच्या पुंजक्यावर त्याने बोट ठेवलं, ते हळूहळू खाली सरकवलं आणि खालच्या पुंजक्यावर थांबवलं.

"मी म्हाताऱ्याकडे जातो अधूनमधून," तो म्हणाला. "बाबा, माझा हात हलला, असं सांगतो. तो म्हणतो, जाऊ दे पोरा, होतं कधीकधी. आता त्याला काय सांगू?"

साहेब लगेच म्हणाले की माणूस निर्दोष ठरला हे फार उत्तम झालं, आणि हे एक खोकं ते आजच बाद करतात.

अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी काकांना विचारलं, अशी मिसळलेली खोकी आणखी किती बाहेर गेलीत?

काकांना सवयीनं हसू आलं.

"न मिसळलेली विचारा साहेब," ते म्हणाले. "ती मोजायला सोपी पडतील."